सोनं धुवायला मेलबर्नला निघालोय, चाळण्या किती घेऊ?

पत्र थोडक्यात असं आहे. कोल्हापूरचे एक काका लिहितात, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या सँड लॅबमध्ये, म्हणजे ओतकामाची वाळू तपासायच्या प्रयोगशाळेत, आयुष्य गेलं, आता रिटायर. मुलगी मेलबर्नला असते, डिसेंबरात तीन महिन्यांसाठी तिकडं जायचंय. बॅलरॅट-बेंडिगोच्या बाजूला लोक हौसेनं मातीतून सोनं शोधतात हे जावयानं व्हिडिओवर दाखवलं आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. नातीच्या पहिल्या वाढदिवसाला स्वतः शोधलेल्या सोन्याचा एक मणी करायचा असं मनात आहे. ऑनलाइन नऊ चाळण्यांचा सेट बघून ठेवलाय, अर्ध्या इंचापासून १०० मेशपर्यंत, म्हणजे इंचात शंभर भोकं असलेल्या जाळीपर्यंत. जावई म्हणतो एक चाळणी बास. काकू म्हणतात, "सोनं पाहिजे तर गुजरीत जाऊन घ्या की, या वयात चिखलात कशाला बसायचं." काकांचं म्हणणं, जाळी जितकी बारीक तितकं सोनं कमी सुटणार, मग सगळा सेट घेतलेलाच बरा ना? आणि जायच्या आधी पंचगंगेत चार दिवस सराव करावा का?

काका, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मला खरंच बरं वाटलं, कारण रिटायर झाल्यावर माणूस काहीतरी हातानं शिकायला निघालाय आणि तेही नातीसाठी, यात वावगं काहीच नाही. पण तुमच्या प्रश्नाच्या आत एक गोष्ट पक्की धरलेली आहे, ती आधी बाहेर काढून बघूया. तुम्ही धरून चाललाय की सोनं चाळणी पकडते. तसं नसतं. सोनं पकडतो पॅन, सोनं धुवायची पसरट थाळी, म्हणजे पाणी, वजन आणि तुमचा हात. चाळणी फक्त पॅनमध्ये काय जाणार एवढं ठरवते.

आणि हा समज तुमच्या डोक्यात कुठून आला असेल तेही मला कळतंय. तुम्ही सँड लॅबमधले. तिथं ५० ग्रॅम वाळलेली वाळू घ्यायची, अकरा चाळण्यांची चळत शेकरवर १५ मिनिटं ठेवायची, मग प्रत्येक चाळणीवर किती राहिलं ते वजन करून एएफएस नंबर, म्हणजे वाळूच्या बारीकपणाचा आकडा, काढायचा. तिथं चळत पूर्णच पाहिजे, एक चाळणी गाळली तर हिशोब चुकणार, कारण तिथं कण कुठल्या मापाचे आहेत हेच उत्तर असतं. ओढ्याकाठी ते उत्तर कुणाला नको असतं. तिथं चाळायचं ते एवढ्यासाठी की पॅनमधले सगळे कण साधारण एका मापाचे व्हावेत, म्हणजे मग जड आणि हलकं यातला फरक पाण्याला दिसतो. काम वेगळं, म्हणून चाळण्यांची संख्याही वेगळी.

आता हे साधारण एका मापाचे म्हणजे किती, यावरच तुमच्या नऊ की एक या वादाचा निकाल आहे, म्हणून जरा आकडे घेते, तुम्हाला जड जाणार नाहीत. शुद्ध सोनं पाण्याच्या १९.३ पट जड, मातीत सापडणाऱ्या सोन्यात थोडीफार चांदी असते म्हणून ते जरा कमी. वाळूतली गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, २.६५ पट. पाण्यात बुडल्यावर दोघांतून एक-एक वजा करायचा, म्हणजे उरले १८.३ आणि १.६५, साधारण अकरा पटींचा फरक. खडे मोठे असले, काही मिलिमीटरचे, तर त्यांचा पाण्यात खाली बसायचा वेग असा असतो की सोन्याच्या खड्याच्या अकरा पट मोठा गारगोटीचा खडा त्याच्याबरोबरीनं बसेल. पण कण अगदी बारीक झाले की नियम बदलतो, तिथं वेग मापाच्या वर्गावर जातो आणि अकराच्या जागी अकराचं वर्गमूळ येतं, म्हणजे फक्त ३.३. आणि शेवटी पॅनमध्ये जी काळी रेती उरते ना, मॅग्नेटाइट, ती ५.२ पट जड असते, तिच्याशी गाठ पडली की हा आकडा दोनच्या आसपास येतो. पॅनमध्ये नुसतं खाली बसणं चालत नाही, पाण्याचा झोकाही असतो, तरी ढोबळ दिशा हीच राहते.

याचा अर्थ बघा. वरच्या जाड मापात चाळण्यांमध्ये मोठी मोठी अंतरं असली तरी काही बिघडत नाही, खालच्या बारीक मापात मात्र प्रत्येक टप्पा दुपटीच्या आत पाहिजे. आपल्याकडच्या वाळू तपासायच्या आयएस, म्हणजे भारतीय मानकाच्या, चाळण्या ४.७५, २.३६, १.१८ मिलिमीटर, मग ६०० मायक्रॉन (हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर), ३००, १५० अशा निम्म्या निम्म्या उतरतात, तेच अंतर खालच्या टप्प्याला बरोबर बसतं. तुमच्या नऊच्या सेटमध्ये ८ आणि १२ मेश दोन्ही आहेत, २० आणि ३० दोन्ही आहेत, ५० आणि ७० दोन्ही आहेत, या जोड्यांतली एकेक तुम्हाला कधी लागणारच नाही.

आणि जावयाचं एक चाळणी बास हे म्हणणं पण अर्धंच बरोबर. जाडं काढून टाकायला एक पुरते, पण शेवटच्या मूठभर काळ्या रेतीत बारीक कण अडकले की एका चाळणीनं तुम्ही तासन् तास पॅन हलवत बसाल आणि वैतागून सगळं ओतून द्याल.

मला विचाराल तर तीन. पहिली १२ मिलिमीटरची, म्हणजे तुमची अर्ध्या इंचाची, खणतो तिथंच वापरायची, दगड-गोटे तिथंच पडतात आणि बादलीत निम्मं ओझंसुद्धा येत नाही, तुमच्या पाठीसाठी हीच सगळ्यात महत्त्वाची. दुसरी ८ मेश, २.३६ मिलिमीटर, पॅनमध्ये जाणारा माल हिच्यातून जाईल. तिसरी ३० मेश, ६०० मायक्रॉन, पॅन करून राहिलेला जड माल घरी आणून हिच्यातून काढायचा, वरचा वेगळा धुवायचा आणि खालचा वेगळा. पुढं गोडी लागली आणि खालच्या मालात चकाकी दिसायला लागली तर ५० मेशची, ३०० मायक्रॉनची, चौथी घ्या. १०० मेशचं नाव सध्या काढू नका.

१०० नको हे मी का म्हणते, ते तुमच्या मण्याच्या हिशोबानं सांगते. एक गुंज म्हणजे साधारण १२० मिलिग्रॅम, ९६ गुंजांचा तोळा. सोन्याचा कण गोल धरला आणि १.१८ मिलिमीटरचा असला तर आठ-नऊ कणांत गुंजभर सोनं होतं. ३०० मायक्रॉनचा असला तर पाचशे कण लागतात. आणि १०० मेशमधून जाणारा १५० मायक्रॉनचा असला तर चार हजार. खरे कण गोल नसून पातळ पापुद्रे असतात, म्हणजे त्याहून जास्तच लागणार. तुम्ही बारीक जाळीच्या मागं लागलाय सोनं सुटू नये म्हणून, पण सोन्याचं वजन जाड कणांत असतं, ते सुटलं तर खरं सुटलं. तीन महिन्यांत, नवशिक्या हातानं, चार हजार धुळीचे कण गोळा करण्यापेक्षा आठ-दहा डोळ्यांना दिसणारे कण सापडण्याची आशा धरलेली बरी.

म्हणूनच वरच्या चाळणीवर राहिलेले खडे न बघता कधी फेकू नका. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे तिथं, सोन्याची धावपळ १८५१ साली सुरू झाली आणि तो भाग मोठ्या गोळ्यांसाठीच प्रसिद्ध आहे. १८६९ मध्ये मोलियागुलला 'वेलकम स्ट्रेंजर' नावाचा सत्तर किलोच्या घरातला गोळा जमिनीच्या अगदी वरच्या थरात, काही सेंटिमीटर खाली सापडला होता. तसलं काही तुम्हाला मिळेल असं मी म्हणत नाही, पण वाटाण्याएवढा खडा दगडांबरोबर बाहेर टाकून खाली धूळ धुवत बसणारे लोक असतात. चाळणी पाण्यात हलवून खडे स्वच्छ झाले की उन्हात धरा, एकदा हात फिरवा, जो खडा त्याच्या आकाराच्या मानानं हाताला जड लागेल तो बाजूला. आणि चिकणमातीचे गोळे तर मुळीच टाकायचे नाहीत, ते पाण्यात हातानं पूर्ण कुस्करून विरघळवायचे, कारण चिकणमाती सोनं पोटात घेऊन जाते आणि चाळणीला तो नुसता एक गोटा वाटतो.

चाळणी घेताना मेशचा नंबर ऐकून घेऊ नका हे तुम्हाला सांगायला नको, पण बाकी वाचणाऱ्यांसाठी सांगते. मेश म्हणजे एका इंचात किती भोकं, त्यात तारेची जाडी धरलेली नसते. २० मेशमध्ये एका भोकाला तारेसकट १.२७ मिलिमीटर जागा मिळते, तार ०.४ ची असली तर मोकळं भोक ०.८७ चं राहतं आणि तार ०.२५ ची असली तर १.०२ चं. दुकानदार दोन्हीला २० मेशच म्हणणार. म्हणून मोकळं भोक किती मिलिमीटर, हे विचारायचं. जाळी स्टेनलेस स्टीलची, ३०४ ग्रेडची. गॅल्वनाइज्ड जाळी गंजते आणि लोखंडी असल्यामुळं काळ्या रेतीसाठी चुंबक वापरायला गेलात की तीच चिकटते. फ्रेम प्लॅस्टिकची हलकी बरी, पण जाळी आणि फ्रेम जिथं जुळतात तिथली फट बघा, बारीक कण तिथंच जाऊन बसतात. पितळी टेस्ट चाळण्या लॅबमध्ये छान असतात पण २०० मिलिमीटर व्यासाच्या, त्यात दोन ओंजळी माल मावतो, बादलीवर बसणारी तेरा-चौदा इंची पाहिजे. आणि घरातली रव्याची चाळणी, ज्याचा तुम्ही पत्राच्या शेवटी उल्लेख केलाय, ती कृपा करून काकूंच्या ताब्यात राहू द्या, तिची जाळी ओल्या वाळूच्या वजनानं एका दिवसात खाली लोंबायला लागेल.

आता पंचगंगेचं. इथं मला तुम्हाला थांबवायचंय. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती सगळ्या सह्याद्रीतून येतात, बेसाल्ट आणि जांभा कापत येतात, या खडकात शोधण्याजोगं सोनं नाही. आपल्या महाराष्ट्रात सोन्याच्या खुणा आहेत त्या नागपूर-भंडारा बाजूला, आणि दक्षिणेला कर्नाटकात धारवाडच्या जुन्या खडकात, जिथं हट्टीची खाण अजून चालते आणि कोलारची २००१ मध्ये बंद झाली. गदगजवळच्या कप्पतगुड्ड डोंगरात पूर्वी जालगार लोक पावसाळ्यानंतर ओढ्यातली रेती धुऊन सोनं काढायचे, पण तो डोंगर आता अभयारण्य आहे, तिथं पॅन घेऊन जायचा विचारही नको. शिवाय कायद्यानं बघितलं तर १९५७ च्या खाण-खनिज कायद्याखाली परवान्याशिवाय खनिजाचा शोध घेता येत नाही आणि आपल्याकडं हौशी माणसासाठी वेगळी सवलत नाही, नदीतली वाळू उचलणं हा तर अजून वेगळा आणि नाजूक विषय. तुमच्यासारख्या माणसानं उतारवयात तलाठ्याला उत्तरं देत बसू नये.

सराव मात्र करा, आणि भरपूर करा, फक्त गच्चीवर. बांधकामावरून उरलेली पोतंभर वाळू विकत घ्या, एक मोठा टब, जुनी पसरट परात किंवा ऑनलाइन मिळणारा साधा पॅन, आणि उद्यमनगरात जाळीवाल्याकडून स्टेनलेस जाळीचे तुकडे घेऊन लाकडी चौकटीवर ठोकून घ्या, तुम्हाला हे कुणी शिकवायची गरज नाही. मासेमारीच्या जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या मिळतात, त्यातल्या एक-दोन बारीक कापून, हातोडीनं चपट्या करून, मोजून वीस तुकडे करा आणि ते वाळूत मिसळा. शिसं पाण्याच्या ११.३ पट जड, म्हणजे सोन्यापेक्षा हलकं, त्यामुळं शिसं हाती लागायला लागलं तर सोनं नक्की लागेल. धुऊन झाल्यावर वीसपैकी किती परत आले ते मोजा. अठरा यायला लागले की मग तुकडे अजून लहान करा. मग तीच वाळू एकदा न चाळता धुऊन बघा आणि एकदा ८ मेशमधून काढून धुवा, चाळणी काय करते आणि काय करत नाही हे तुम्हाला माझ्या पानभर लिहिण्यापेक्षा त्या दोन आकड्यांत कळेल. शिशाला हात लावल्यावर साबणानं हात धुवायचे, तुकडे मोजून डबीत ठेवायचे, कुंडीत सांडायचे नाहीत, आणि ती परात परत स्वयंपाकघरात न्यायची नाही. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, नाहीतर अगदी बारीक चपटे कण पाण्यावर तरंगून निघून जातात.

आणि हो, कोल्हापुरात राहून तुम्ही सगळ्यात जवळचा गुरू विसरलाय. सराफांच्या दुकानातला केर, गुजरीतली माती धुऊन त्यातून सोन्या-चांदीचे कण काढणारे झारेकरी. त्यांची माती वेगळी, पण मनगटाची हालचाल तीच, परात किती कलती धरायची, पाणी कधी सोडायचं, हे व्हिडिओवर कळत नाही. कुणी ओळखीचा सराफ असेल तर त्याच्यामार्फत भेटा, चहा प्या, अर्धा तास बघत उभं राहू द्याल का म्हणून विचारा. त्यांच्या पोटापाण्याचा धंदा आहे, त्यामुळं माती गोळा करायला स्वतः उतरू नका. आणि पारा किंवा तेजाब वापरायची गोष्ट कुणीही सुचवली तरी घरात आणू नका, पाऱ्याची वाफ फुफ्फुसातून थेट शरीरात जाते आणि त्या घरी तान्ही नात आहे.

काकूंचं म्हणणं मी मुद्दाम मागं ठेवलं होतं. ग्रॅमच्या भावानं बघितलं तर त्या शंभर टक्के बरोबर आहेत, तीन महिन्यांत पेट्रोल आणि सामानाचे पैसे मोजले तर गुजरीतलं सोनं कितीतरी स्वस्त पडेल. पण तुम्हाला सोनं नकोय काका, तुम्हाला नातीला सांगायला एक गोष्ट पाहिजे, आणि हे तुम्ही काकूंना बहुतेक बोलला नाहीत, तुम्ही त्यांच्यापुढं चाळण्यांचा सेट आणि त्याची किंमत ठेवली. मणी व्हायलाच पाहिजे अशी तारीख लावून घेतली तर दर रिकाम्या दिवसाचा राग घरातल्यांवर निघेल. असं करा, मणी गुजरीत आपल्या नेहमीच्या सराफाकडं काकूंच्या पसंतीनं करून घ्या, आणि तुम्हाला जे काही सापडेल, दोन कण का असेनात, ते पाणी भरलेल्या छोट्या काचेच्या कुपीत घालून त्याच्याबरोबर द्या. गुंजभर जमलंच कधी, तर पुढच्या वाढदिवसाला त्याचा दुसरा मणी होईल. आणि त्या चिखल म्हणतात त्यामागं तुमचे गुडघे आणि पाठ असणार, म्हणून स्टूल न्यायचं, बादली अर्धीच भरायची, जावयाशिवाय एकट्यानं जायचं नाही, हे त्यांना तुम्ही स्वतःहून सांगा.

तिकडचे नियम थोडक्यात. व्हिक्टोरियात शोधायला 'मायनर्स राइट' नावाचा परवाना काढावा लागतो, तो १० वर्षं चालतो, आणि त्यात फक्त हातानं चालणारी अवजारं, पॅन, मेटल डिटेक्टर असलं बसतं. राष्ट्रीय उद्यानं बहुतेक बंद, काही ओढे वगळलेले, खासगी जमिनीत मालकाची परवानगी पाहिजे, आणि खणलेला खड्डा परत बुजवायचा. जुन्या खाणींचे उघडे खड्डे त्या भागात ठिकठिकाणी आहेत, तेव्हा गवतातून चालताना पायाखाली बघा. डिसेंबर-जानेवारी तिकडचा उन्हाळा, पुष्कळ ओढे आटलेले असतात, म्हणून पाण्याचा कॅन आणि टब गाडीत असू द्या.

आणि शेवटी खरेदी. त्या तीन चाळण्या इथून नेऊच नका. बॅलरॅट-बेंडिगो भागात याच सामानाची दुकानं आहेत, आधी जावयाबरोबर तिथं जा, आसपासच्या ओढ्यांत कण जाड निघतात की बारीक हे दुकानदाराला विचारा, आणि तो ८ मेशऐवजी १२ मेश घ्या म्हणाला तर बिनधास्त १२ मेश घ्या. गच्चीवर वापरलेली जाळी आणि पॅन कोल्हापुरातच राहू द्या. ऑस्ट्रेलियात माती लागलेल्या सामानाबद्दल फार कडक असतात, उतरताना भरायच्या कार्डावर त्याचा वेगळा प्रश्न असतो, तुमच्या सरावाच्या बुटांनासुद्धा तो लागू पडतो, तेव्हा तळवे ब्रशनं घासून धुवा, वाळवा, आणि तरी शंका असेल तर कार्डावर हो लिहून अधिकाऱ्याला दाखवून टाका.